गाडी बंद, हप्ता चालू

टोमॅटोला बाजार सापडला की नारायणगाव-मंचर पट्ट्यात दोन गोष्टींची चौकशी वाढते: घराच्या स्लॅबची आणि गाडीची. नवी पिकअप झेपत नाही, मग चार-सहा वर्षं वापरलेली शोधायला मंडळी भोसरी, चाकण, संगमनेर, नाशिक असे गाडीबाजार पालथे घालतात. थोडे रोख, बाकी फायनान्स. गाडी दारात येते, नारळ फुटतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं. आणि दुसरा हप्ता जायच्या आत ती माळशेजच्या चढाला नाहीतर भीमाशंकरच्या वाटेवर धूर सोडून उभी राहते. मेकॅनिक इंजिन उघडतो, मान हलवतो आणि साठ-सत्तर हजारांचा आकडा सांगतो.

जुन्नर आणि घोडेगावच्या कोर्टांत वकिली करता करता ग्राहकांच्या तक्रारी माझ्याकडे जास्त येऊ लागल्या. त्यातला गाडीवाला ग्राहक मला लांबून ओळखू येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, बरोबर गावातला एक सगळं माहीत असलेला माणूस, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: “साहेब, गाडीच बंद आहे, म्हणून मी हप्ता पण बंद केलाय.”

त्याचा राग रास्त आहे, पण हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. कारण त्याने एक व्यवहार केला असं त्याला वाटतं, कायद्याच्या लेखी त्याने दोन केलेले असतात. गाडी घेतली विक्रेत्याकडून. पैसे घेतले फायनान्स कंपनीकडून. कंपनीने रक्कम परस्पर विक्रेत्याच्या खात्यात टाकली, याच्या हाताला एक रुपया लागला नाही, तरी कर्जदार हाच. गाडी सडकी निघाली हे कंपनीला हप्ता न देण्याचं कारण होत नाही. हप्ता चुकला की दंडाची रक्कम चढते, सिबिल बिघडतं, बँकेतून हप्ता वटला नाही तर चेक न वटल्यासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो, आणि एके दिवशी वसुलीवाले गाडी ओढून नेतात. गाडी गेली की दोष दाखवायला पुरावाच उरत नाही. फसवला गेलेला माणूस सहा महिन्यांत थकबाकीदार होतो आणि विक्रेता निवांत दुसरी गाडी पुसत बसतो.

हे असंच असायला हवं असं नाही. ब्रिटनमध्ये हप्त्याने गाडी विकली की कंपनी पैसे पुरवून नामानिराळी राहत नाही. भाडेखरेदीच्या करारात तिथे फायनान्स कंपनीच विक्रेती धरली जाते आणि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. विक्रेत्याशी जोडलेल्या कर्जाबाबत तर १९७४ च्या कायद्यानेच तिथे सावकार आणि विक्रेता दोघेही जबाबदार असतात. आपल्याकडे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा गेला, २०१९ चा आला, २० जुलै २०२० पासून लागू झाला, ही तरतूद मात्र आली नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, म्हणजे चळवळ आपल्या जिल्ह्यातली. त्या जिल्ह्यात बसून मला हे कमीपण जास्त टोचतं. विक्रेत्याच्या टेबलाशेजारी फायनान्सवाल्याचा पोरगा खुर्ची टाकून बसलेला असतो. एकाच चहात दोघांचे कप. मग दोष निघाल्यावर ते एकमेकांना ओळखतही नाहीत, हे मला न्यायाचं वाटत नाही.

तरी आहे त्या कायद्यातही कंपनी पूर्ण सुटत नाही. कर्जपुरवठा ही कायद्याने सेवा आहे, आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असताना पैसे सोडले, गाडीचं मूल्यांकन न बघताच केलं, किंवा ओढून आणलेली गाडी कंपनीनेच विकली, अशा वेळी मी तिला सामनेवाला करतो. नुसतं इंजिन खराब निघालं म्हणून मात्र करत नाही. ग्राहक आयोगासमोर ते टिकत नाही आणि खऱ्या दोषी माणसावरचं लक्ष उडतं.

मग हप्त्याचं काय करायचं? भरत राहायचं, आणि तक्रारीबरोबरच गाडी जप्त करू नये म्हणून अंतरिम आदेशाचा अर्ज द्यायचा. तो अधिकार आयोगाला आहे. हप्ते नियमित असलेल्या माणसाचा अर्ज कोणत्याही पीठासीन अधिकाऱ्याला वेगळा दिसतो. अगदीच जमत नसेल तर कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. गुंड पाठवून गाडी ओढण्यावर तर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात कडक शब्दांत ताशेरे ओढले होते. आपल्याकडे कर्ज पुष्कळदा पतसंस्थेचं असतं, तिथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल उपयोगाचा नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि जामीनदार म्हणून सही केलेला मेहुणा पहिल्यांदा अडकतो. घरात भांडण लागतं ते वेगळंच.

आता विक्रेत्याकडे वळू. त्याची ढाल म्हणजे पावतीवरची एक ओळ: ‘गाडी आहे त्या स्थितीत, पाहून व चालवून घेतली. नंतर तक्रार चालणार नाही.’ ही ओळ वाचून अर्धे लोक घरी परततात. परतू नका. जे डोळ्यांना दिसत होतं, चालवताना कळलं असतं, त्याची तक्रार खरंच चालत नाही. टायर गुळगुळीत होते, क्लच घसरत होता, दार नीट लागत नव्हतं, हे तुमचं. पण मीटर मागे फिरवला, अपघातात वाकलेली चासी ओढून सरळ केली, पुरात बुडालेली गाडी धुऊन पॉलिश केली, हे लपवणं झालं. करार कायद्याचं कलम १७ त्याला कपट म्हणतं, ग्राहक कायदा अनुचित व्यापारी प्रथा. त्या एका ओळीने ते धुऊन निघत नाही. हे सगळं धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याबद्दल. भावकीतल्या कुणाकडून नाहीतर शेजारच्या गावच्या मास्तरांकडून गाडी घेतली असेल तर ग्राहक आयोगाचं दार बंद, दिवाणी कोर्टाचं तेवढं उघडं.

आंबेगावच्या पश्चिम भागातल्या आश्रमशाळेतल्या एका गुरुजींनी अशीच एक कार घेतली होती. गाडी वरून चकचकीत. अधूनमधून काचा आपोआप खाली यायच्या, डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकायचे. आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये एका जुन्या मेकॅनिकने आधी बोनेट उघडलंच नाही. पुढच्या सीटचा बेल्ट धरून तो शेवटपर्यंत ओढला. रोज जेवढा बाहेर येतो तेवढा पट्टा स्वच्छ काळा, आणि त्यापुढे गुंडाळून राहिलेल्या भागावर वीतभर अंतरात तपकिरी रेघ, बोट फिरवलं की बारीक गाळ. मग सीटखालच्या रुळांवरचा गंज, फ्यूजच्या डब्यात हिरवट पडलेली पितळी टोकं. नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी पासिंग, आणि विमा कंपनीच्या जुन्या कागदावर जुलै २०२१ चा दावा. चिपळूण त्या महिन्यात पाण्याखाली होतं. गुरुजींनी पट्ट्याचे फोटो काढले, मेकॅनिकचं लेखी मत घेतलं आणि मुख्य म्हणजे गाडी दुरुस्त केली नाही. नोटीस गेल्यावर विक्रेत्याने महिनाभर हुज्जत घातली, मग गाडी परत घेऊन कर्ज मिटवून दिलं. निकालापर्यंत जावंच लागलं नाही.

दुरुस्ती न करण्याचं महत्त्व सांगून मी थकलो. गाडी बंद पडली की धंदा बुडतो, हे मान्य. पण इंजिन बांधून घेतल्यावर जुने पिस्टन भंगारात गेले की दोष होता हे कशावरून सिद्ध करणार? आयोग गाडी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे तपासायला पाठवू शकतो, त्यासाठी काहीतरी तपासण्याजोगं उरलं पाहिजे. दुरुस्ती टळत नसेल तर आधी विक्रेत्याला तारीख देऊन बोलवा, फोटो काढा, उतरवलेले भाग पोत्यात बांधून घरी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात भाग बदलून दोष जात असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं म्हटलं. म्हणून मागणी करतानाही माप ठेवावं लागतं.

पिकअपवाल्यांना विरोधी वकील हमखास एक प्रश्न विचारतो: “धंद्यासाठी घेतली ना? मग तुम्ही ग्राहकच नाही.” यावर १९९५ चा लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा निकाल माझ्या बॅगेत कायम असतो. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात उदाहरणासह सांगितलं आहे. स्वतःचे क्रेट स्वतः नारायणगावच्या उपबाजारात नेणारा शेतकरी त्यात चपखल बसतो. चार गाड्या आणि चार ड्रायव्हर ठेवणारा मात्र बाहेर पडतो. तेव्हा बढाई मारायला ‘आमचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे’ असं कर्जाच्या अर्जात लिहू नका. तोच अर्ज पुढे तुमच्याविरुद्ध दाखल होतो.

गोव्याचं एक प्रकरण वाचण्यासारखं आहे. ग्राहकाने २०११ मध्ये नवी म्हणून गाडी घेतली, ती निघाली २००९ ची, आधी चाललेली. त्याने डीलरबरोबर उत्पादक टाटा मोटर्सलाही ओढलं. १८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला मोकळं केलं, कारण डीलर हा त्याचा एजंट नव्हता, स्वतःच्या जबाबदारीवर विकणारा व्यापारी होता. मोठं नाव दिसलं म्हणून सामनेवाल्यांची रांग लावणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा. ज्याने विकली आणि ज्याने लपवलं, त्याला पकडा.

बाकी प्रक्रिया वाटते तितकी अवघड नाही. दोष कळल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार हवी. गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, दहा लाखांपर्यंत २०० रुपये. विक्रेता नाशिकचा असला तरी आता राहत्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्याच्या आयोगात दाद मागता येते. ही २०१९ च्या कायद्याची खरी देणगी. वकील लागतोच असंही नाही, हे मी धंद्याचं नुकसान करून सांगतोय. कर्जाच्या करारात लवादाचं कलम असतं आणि ते दाखवून चेन्नई-मुंबईहून पत्रं येतात. त्याने ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ मध्ये एम्मार या बिल्डरच्या प्रकरणात ठरून गेलं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी तक्रार नोंदवून बघायला हरकत नाही. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ वेळ लागतो, आणि तेवढा काळ हप्ता चालूच असतो. म्हणून नोटिशीच्या टप्प्यावर मिटत असेल तर मी मिटवतो.

गाडी नावावर होण्याचं काम पिंपरी-चिंचवडच्या आरटीओतून होतं. ‘टीटी होईल नंतर’, म्हणजे नाव पुढे कधीतरी बदलू, असं म्हणणाऱ्या एजंटाच्या भरवशावर राहू नका. जोवर आरसीवर जुनं नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी त्या नावावर, हे २०१८ मध्ये पक्कं झालं आहे, आणि विक्रेते ते जाणतात. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला आरटीओकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याचा फॉर्म २९-सी भरला की तिची जबाबदारी त्याच्यावर येते. गाडीबाजारात गेल्यावर ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. बहुतेक ठिकाणी विषय बदलला जाईल.

या पाडव्याला जुनी गाडी घेणार असाल तर इसार देण्याआधी विक्रेत्याच्या पावतीवर त्याच्याच हस्ताक्षरात चार ओळी लिहून घ्या: मीटर इतक्या किलोमीटरवर असून तो खरा आहे, गाडीचा मोठा अपघात नाही, गाडी पाण्यात बुडालेली नाही, आधीचा बोजा उतरवलेला आहे. खाली सही, तारीख, शिक्का. तो म्हणेल, “भाऊ, विश्वास नाही का?” त्यावर हसून पेन पुढे करा. लिहून देत नसेल तर इसाराचे पैसे खिशात ठेवा आणि परतीची एसटी पकडा.