दोन धारांच्या मधला दिवस

राजुरी आळेफाट्याच्या पूर्वेला, कल्याण-नगर रस्त्यावर. ऊस, कांदा आणि दूध यांवर जगणारं गाव. हवा स्वच्छ असली की पश्चिमेला डोंगरांची रांग दिसते. पण गोठ्यात जनावर असलेल्या घराला ती नुसती बघायचीच असते. पहाटेची धार आणि संध्याकाळची धार, या दोहोंच्या मध्ये जो दिवस उरतो तेवढाच आपला. शिवजयंतीला शिवनेरी आणि चतुर्थीला ओझर-लेण्याद्री, यापलीकडे आमच्या आळीतल्या बायका कुठे गेल्या नव्हत्या. जीवधन, चावंड, हडसर ही आमच्याच तालुक्यातल्या गडांची नावं, पण ती मुलांच्या तोंडून ऐकायची.

तात्यांनी हे बदललं. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. तालुक्यातली कुठली गाडी कुठून किती वाजता सुटते आणि कुठे मुक्कामाला जाते, हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन धारांच्या मध्ये बसेल अशी सहल त्यांनी कागदावर आखली आणि डेअरीच्या कट्ट्यावर बसून एकेकाला सांगितली. रविवारी दूध घालून झालं की कॅन पोरांच्या हाती घरी द्यायचे आणि तिथूनच निघायचं. मंडळाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती. तिकीट ज्याने त्याने काढायचं. माझ्या सासूबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, “वहिनी, संध्याकाळच्या धारेला सूनबाई गोठ्यात असंल.” त्यांच्या शब्दावर मला घरातून सोडलं गेलं. माझ्यासारख्या कितीतरी जणींना.

पहिल्यांदा नेलं ते जवळच, आणे घाटात गुळुंचवाडीला. मळगंगेच्या देवळापाशी ओढ्याने कातळ पोखरून आरपार वाट काढली आहे आणि वर दगडाचा अख्खा पूल शिल्लक राहिला आहे. माणसाचा हात न लागलेला. त्याच रस्त्याने आम्ही नगरला किती वेळा गेलो असू, पण गाडीतून खाली उतरलो नव्हतो. सगळ्यांना तो दाखवून झाल्यावरही तात्या तिथून हलेनात. पाणी केवढं काम करतं, ते बघा म्हणाले.

मग नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. त्यापाशी ते हात टेकून उभे राहायचे. जन्मभर गळ्यात पैशांची पिशवी अडकवून फिरलेला माणूस तो. दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने बैल, माल, माणसं वर यायची आणि त्यांचं देणं इथे पडायचं, ही गोष्ट त्यांना फार जवळची वाटायची. लेण्यात भिंतीभर ब्राह्मी लेख आहे, नागनिका राणीने केलेल्या यज्ञांचा आणि दानांचा. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत. वर सिमुक, नागनिका, सातकर्णी ही नावं तेवढी कोरलेली उरली आहेत. तात्यांना ब्राह्मी येत नव्हती, पण कुठलं नाव कुठे ते त्यांनी कुणाकडून तरी माहीत करून घेतलं होतं. प्रत्येक नावाखाली बोट ठेवल्यासारखा हात धरून ते मोठ्याने उच्चारायचे.

जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनी १८१८ साली सुरुंगाने उडवल्या. तेवढा टप्पा कातळाला धरून चढावा लागतो. तिथे पाय थरथरणाऱ्या माणसाला तात्यांनी कधी बोल लावला नाही. ते सगळ्यांत मागे असायचे आणि जो थांबेल त्याच्यापाशी तेही थांबायचे. मी एकदा तिथेच बसून राहिले, तर माझ्याशेजारी बसून त्यांनी वानरलिंगीचा सुळका दाखवला. पायथ्याच्या घाटघरचा कुठला उंबरा कुणाचा, कुणाच्या घरात कोण आजारी, कुणाचा हिरडा यंदा किती भरला, ते सांगत राहिले. माथा गाठला असो वा नसो, ठरलेल्या वेळेला परत फिरायचं. शेवटची गाडी चुकली तर इकडे गाई हंबरत राहणार, हे त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. अंधार पडला तर उसाच्या कडेने मोठ्याने बोलत चालायला लावायचे, बिबट्याला चाहूल लागावी म्हणून.

नोकरीत ते काही वर्षं आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या गाड्यांवर होते. आहुप्याकडे जाताना एकदा आम्ही माळीणला थांबलो होतो. एका घराच्या ओट्यावर पाणी प्यायलो, घरातल्या म्हातारीने तात्यांना आवाजावरून ओळखलं. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला आणि ते गाव गाडलं गेलं. दीडशेवर माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. तात्या त्या दिवशी डेअरीत आले, दूध घातलं आणि कट्ट्यावर बसून राहिले. “माझ्या गाडीत बसलेली माणसं होती गं,” एवढंच मला म्हणाले. पुढच्या रविवारी ते निघाले नाहीत. नंतर निघाले, पण आषाढ-श्रावणात डोंगराच्या पोटातल्या वाटेवर त्यांनी आम्हाला पुन्हा कधी नेलं नाही. कुणी विचारलं तर गाडी नाही म्हणायचे.

ते गेले ते भाद्रपदात, पठारावर सोनकी फुलते त्या दिवसांत. दशक्रियेला घाटघरहून दोघं आले होते, दोन गाड्या बदलून. बरोबर पायलीभर नवा नव्हे, जुना, साठवणीतला तांदूळ. प्रवचन चाललं होतं आणि ते मांडवाच्या कडेला उभे होते. जाताना त्यातल्या एकाने मला विचारलं, “आता तुम्ही यायचं थांबणार का?”

थांबलोच. दोन-चार रविवारी जमलो, पण गाडी कुठली धरायची यावरच बोलणं अडायचं. मागे कुणी थांबायचं यावर त्याहून जास्त. पुढे चालायला सगळे तयार होते. मग एकेकाच्या घरी काम निघू लागलं, आणि गोठ्यातून बाहेर पडायची ती वाट बंद झाली. माझ्या सासूबाई आता नाहीत, मला अडवणारंही कुणी नाही, तरी रविवारचा दिवस धार ते धार घरातच जातो.

पावसाळ्यात नाणेघाटाला आता पुण्या-मुंबईहून बसगाड्या भरून येतात. येऊ देत, डोंगर सगळ्यांचा आहे. पण ती माणसं सकाळचा नाश्ता बरोबर आणतात, दुपारचं जेवण बरोबर आणतात आणि घाटघरातल्या एकाही माणसाचं तोंड न बघता परत जातात, याचं मला वाईट वाटतं. तात्यांनी आम्हाला कधी भाकरी बांधू दिली नाही. जाताना एखाद्या घरी जेवण सांगायचं, उतरताना चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी खायची, आणि त्या बाईच्या हातावर पैसे ठेवायचे. ती नको म्हणाली तरी ठेवायचे. तुम्ही कधी तिकडे गेलात तर एवढं करा. डबा घरी ठेवा, जेवण घाटघरात सांगा.