पाठीत वायर, हातात रिमोट

मणक्याचं ऑपरेशन होऊनही माझा डावा पाय जळतच होता. एमआरआयमध्ये नस मोकळी दिसत होती आणि मला मात्र रात्री पायावर चादरसुद्धा सोसवत नव्हती. गोळ्या, इंजेक्शनं, फिजिओथेरपी असं सगळं करून झाल्यावर डॉक्टरांनी ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन’ सुचवलं. मज्जारज्जूला विजेच्या गुदगुल्या, असा मी आपला अर्थ लावला आणि विचारलं, ‘‘शॉक बसेल का हो?’’ ‘‘नाही काका, प्रवाह अगदी सौम्य असतो,’’ त्या म्हणाल्या. मग खर्च काही लाखांत जातो असं सांगितलं, तेव्हा तो बसलाच.

घरी येऊन वाचायला घेतलं. 1965 साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक दार लागतं. स्पर्शाच्या जाड नसा जाग्या झाल्या की ते दार लोटलं जातं. गुडघा आपटल्यावर आपण तो चोळतो, ते उगाच नाही. दोन वर्षांनी, 1967 मध्ये, अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूला सौम्य वीज देणारं पहिलं यंत्र रुग्णाला बसवलं. पुढे कळलं, की हा सिद्धांत आता अपुरा मानला जातो आणि यंत्राने दुखणं नेमकं कसं शमतं यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. न समजणाऱ्यांत मी एकटा नव्हतो तर!

यंत्र कायमचं बसवण्याआधी तात्पुरती वायर घालून चाचणी घेतात. त्याआधी मला मानसशास्त्रज्ञांकडे पाठवलं. ‘‘माझं दुखणं मनाचं आहे का?’’ मी तणतणत विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘नाही. यंत्राकडून तुमची अपेक्षा काय?’’ ‘‘पूर्ण बरं व्हायचं.’’ त्यांनी मान हलवली. दुखणं निम्म्याने कमी झालं तरी चाचणी यशस्वी धरतात, हे मला तिथे समजलं. मी शंभर टक्क्यांच्या हिशेबाने गेलो होतो.

मग ती चाचणी. पालथं झोपवून फक्त जागा बधिर केली आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत पोकळ सुईतून बारीक वायर आत सरकवली. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ‘एपिड्युरल’ नावाची फट असते, तिथे ती बसते. तिच्या टोकाशी ओळीने आठ इलेक्ट्रोड. मला जागं ठेवलं होतं, कारण मुंग्या कुठे येतात हे मीच सांगायचं होतं. ‘‘काका, कुठे जाणवतंय?’’ ‘‘बरं वाटतंय.’’ ‘‘बरं नको, जागा सांगा!’’ आधी बरगडीत, मग उजव्या मांडीत. ‘‘आता डावीकडे आलं का?’’ मी पालथ्या पालथ्या विचारलं, ‘‘डावीकडे म्हणजे तुमच्या की माझ्या?’’ नर्स हसल्या आणि तेवढ्यात जळणाऱ्या पोटरीवर मुंग्यांची चादर पसरली.

पाठीतून बाहेर आलेली वायर चिकटपट्टीखाली, कमरेला डबी, हातात रिमोट, अशा थाटात घरी आलो. आंघोळ बंद, वाकणं बंद, कमरेतून वळणं बंद. बसल्या बसल्या रिमोटने प्रवाहाचा जोर मनासारखा लावला आणि ऐटीत उताणा झोपलो, तर पायात असा झटका आला की हिने स्वयंपाकघरातून धाव घेतली. उताणं झोपलं की मज्जारज्जू इलेक्ट्रोडच्या जवळ सरकतो, म्हणून तोच जोर जास्त लागतो. सेकंदाला दहा हजार स्पंदनं देणाऱ्या यंत्रात मुंग्या येतच नाहीत, हे मला नंतर कळलं.

रोज दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे होते. माझे गुण मूडप्रमाणे हलत. चहा उशिरा आला की सात! हिने मात्र स्वतःच वही घातली होती : ‘जिना उतरले. भाजी आणली. वाटेत बसले नाहीत. रात्री चादर घेतली.’ डॉक्टरांनी माझा तक्ता बाजूला ठेवला आणि तिची वही वाचून निर्णय घेतला. आता चार्ज करायची बॅटरी माझ्या कमरेखाली कातडीच्या आत आहे.

पाय बरा झालेला नाही. यंत्र बंद केलं की जळजळ हळूहळू परत येते. वायर सरकू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, कालांतराने गुण ओसरूही शकतो. कंबरदुखीवर याचा टिकाऊ उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही, असं 2023 च्या कॉक्रेन आढाव्यात म्हटलं आहे. म्हणून कुणी सुचवलं तर आधी विचारा : माझं दुखणं नसेचं आहे का, चाचणी किती दिवसांची, पुढे एमआरआय करता येईल का, विमा किती देईल? आणि चाचणीच्या दिवसांत वही घरातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. त्यांना सांगा, आकडे लिहू नका, कामं लिहा.