आधी मोठ्यांची शाळा

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, वारीच्या वाटेवर पाणी वाटताना, विसर्जनाच्या गर्दीत दोर धरून उभी असलेली स्काऊट-गाईडची मुलं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांचं कौतुकही होतं. त्यांच्यामागे उभे असलेले स्काऊट मास्टर आणि गाईड कॅप्टन मात्र कुठे शिकतात, काय शिकतात, हे फारसं कुणी विचारत नाही. माझं काम नेमकं तेच आहे. मी गाईड कॅप्टन घडवणाऱ्या शिबिरांत प्रशिक्षक म्हणून उभी राहते. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. पथक चांगलं निघणार की नुसतं गणवेशापुरतं राहणार, हे बहुतेक वेळा मोठ्या माणसाच्या प्रशिक्षणावर ठरतं. आणि त्या प्रशिक्षणाचा गाभा एकच आहे: मोठ्यांनी मागे उभं राहायला शिकणं.

ही गोष्ट स्काऊटिंगच्या मुळातच आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं. उच्चभ्रू शाळांतली मुलं आणि कामकरी वस्तीतली मुलं त्यांनी एकत्र आणली, त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी एका मुलाकडे दिली. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ पाक्षिक भागांत निघालं आणि गावोगाव मुलं आपणहून संघ करू लागली. मुलं तयार होती. त्यांना सांभाळणारी माणसं तयार नव्हती. हौशी, सद्हेतूची माणसं पुढे येत; पण कुणी पथकाचा वर्ग करून टाकी, तर कुणी पलटण.

त्यावर उत्तर निघालं सप्टेंबर १९१९ मध्ये. लंडनजवळ गिलवेल पार्क ही जागा डब्ल्यू. डी बॉइस मॅक्लारेन यांच्या देणगीतून मिळाली होती. तिथे फ्रान्सिस गिडनी यांच्या देखरेखीखाली स्काऊट मास्टरांचा पहिला वुड बॅज अभ्यासक्रम झाला. त्याच्या रचनेचा गाभा आजही टिकून आहे. तिथे आलेल्या प्रौढांना बाकांवर बसवून व्याख्यानं दिली नाहीत. त्यांचे संघ केले, त्यांना तंबूत झोपवलं, स्वतःचं जेवण स्वतः रांधायला लावलं. मुलांकडून जे करून घ्यायचं, ते आधी त्यांनी स्वतः केलं. अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळत. झुलू राजा दिनिझुलू याच्या माळेतले म्हणून बेडन-पॉवेल यांनी जपलेले मणी त्यासाठी वापरले गेले. साम्राज्याच्या लढायांची ती खूण आहे, हे मी शिबिरात सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आपल्याकडे तर ही चळवळ साम्राज्याच्या दारातून आली आणि दारातच अडवली गेली. १९०९ मध्ये बेंगळूरला पहिलं पथक निघालं, १९११ मध्ये जबलपूरला गाईड आल्या. पण भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. म्हणून ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांची वेगळी संघटना उभी केली. उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचं स्काऊट कार्य वाढवलं. नागपुरात विवियन बोस झटले; तेच पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ या नावाखाली एकत्र आल्या. गाईड्स पुढल्या वर्षी सामील झाल्या. पचमढीचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ चं. पुण्यात १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ‘संगम’ हे जागतिक गाईड केंद्र सुरू झालं, त्याच्या उद्घाटनाला बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ऑलेव्ह स्वतः आल्या होत्या. या नावांमधला समान धागा मला मोलाचा वाटतो. वकील, शिक्षक, लोकसेवक अशी ही माणसं कुणाच्या हुकुमावरून आली नव्हती. आपली म्हणून त्यांनी ती मुलं सांभाळली.

आता आपल्या शाळांकडे या. आज महाराष्ट्रात बहुतेक पथकं शाळेत चालतात आणि बहुतेक गाईड कॅप्टन मुख्याध्यापकांच्या आदेशाने शिबिराला येतात. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतंच. कुणी घरी लहान मूल ठेवून आलेली असते, कुणाचे पेपर तपासायचे राहिलेले असतात, कुणाला मैदानी कामाची सवयच नसते. या बाईंना मी स्वयंसेवक म्हणावं तर कसं? पण सात दिवसांच्या बेसिक कोर्सचं कसब इथेच लागतं. आदेशाने आलेली बाई आपल्या इच्छेने परत जायला हवी.

त्यासाठी काय करतो? पहिल्याच दिवशी सगळ्यांचे सहा-आठ जणींचे संघ करतो. पद, वय, शाळा बाजूला ठेवायची. संघनायिका रोज बदलते. सकाळी बेडन-पॉवेल यांचे ‘बी. पी.’ व्यायाम, मग तंबू आणि परिसराचं निरीक्षण, ध्वजारोहण, सर्वधर्म प्रार्थना, मग दिवसभर गाठी, लॅशिंग म्हणजे दोरीची बांधणी, प्रथमोपचार, होकायंत्र, नकाशा, मागकाढणीच्या खुणा. स्वयंपाक संघानेच करायचा. एक दिवस हाईक, रात्री शेकोटी. बाहेरच्याला हा खेळ वाटतो, आणि तो खेळच आहे. मात्र रोज संध्याकाळी प्रत्येक संघ बसून बोलतो: आज निर्णय कुणी घेतला, कुणाला बोलायला मिळालं नाही, काम कुणी कुणावर ढकललं? खरं शिक्षण त्या अर्ध्या तासात होतं.

एका शिबिरात एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांच्या संघाची त्या दिवसाची नायिका होती जिल्हा परिषद शाळेतली नवी शिक्षिका. चूल पेटत नव्हती. लाकडं ओली होती, संघनायिका गोंधळली होती. मुख्याध्यापिकांनी सवयीने पुढे होऊन कामं वाटायला सुरुवात केली. मी जवळ जाऊन म्हटलं, “मॅडम, आज नायिका त्या आहेत. त्यांनी तुम्हाला विचारलं तर सांगा.” त्या थांबल्या. दहा-पंधरा मिनिटं धूर झाला, भात उशिरा शिजला. पण त्या नव्या शिक्षिकेने आतली कोरडी साल सोलून चूल पेटवली. रात्री संघाच्या बैठकीत मुख्याध्यापिका म्हणाल्या, “वर्गात मी मुलींना ही पंधरा मिनिटं कधीच देत नाही.” स्काऊटिंगवरचं कितीही वाचन हे शिकवू शकलं नसतं.

गाठी शिकवतानाही हेच. रीफ नॉट फळ्यावर काढून दाखवता येते, पण शिकते ती बोटं. एकीने दुसरीला शिकवायचं, दुसरीने तिसरीला, आणि प्रशिक्षकाने फक्त बघायचं. बोलाईन कशासाठी, हे माणूस वर ओढून घ्यायचा प्रसंग रचल्यावर कळतं. क्लोव्ह हिच तंबूचा खांब बांधताना कळते. कशाला उपयोग होणार हे कळलं की गाठ विसरत नाही. कोर्स संपल्यावर पथकात तीच पद्धत चालली पाहिजे: संघनायिका शिकेल, ती आपल्या संघाला शिकवेल, आणि कॅप्टन तिच्या मागे असेल.

बेसिकनंतर ॲडव्हान्स कोर्स आणि त्यानंतर हिमालय वुड बॅज असा हा मार्ग आहे. पुढे प्रशिक्षक होणाऱ्याला तीन, मग चार मणी मिळतात. या पायऱ्यांमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं आहे. मधल्या काळात पथक चालवायचं, अडायचं, मग पुढच्या कोर्सला यायचं. आपली घसरगुंडी या मधल्या काळात होते. शिबिराहून परत गेलेल्या बाईंना शाळेत आठवड्याला एक तासिकाही मिळत नाही. गणवेश १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला निघतो. राज्य पुरस्काराची चाचणी जवळ आली की उपक्रमांच्या वह्या एका बैठकीत लिहून होतात, कारण दहावीचे सवलतीचे गुण डोळ्यांसमोर असतात. गुणांना माझा विरोध नाही. मुलीने खरंच सेवा केली असेल तर तिची दखल घेतलीच पाहिजे. पण खोटी भरलेली वही मुलीच्या हातात देणारी मोठी माणसंच तिला वचनाची किंमत शिकवायला उभी असतात, हे मला सहन होत नाही. म्हणून माझी मागणी आहे की कोर्सनंतर सहा महिन्यांच्या आत प्रशिक्षकाने त्या पथकाची सभा प्रत्यक्ष बघावी. प्रमाणपत्रापेक्षा ती एक भेट जास्त काम करेल.

याच काळात शाळांमध्ये आणखी एक बदल घोळतो आहे. जून २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली, आणि त्यासाठी माजी सैनिक, एनसीसी, क्रीडा शिक्षक यांच्यासोबत स्काऊट-गाईडचीही मदत घेण्याचं सांगितलं. शिस्त, आरोग्य, देशप्रेम हे हेतू चांगलेच आहेत. पण स्काऊट-गाईडने आपलं वेगळेपण या वेळी स्पष्ट सांगायला हवं. बेडन-पॉवेल स्वतः लष्करी अधिकारी होते आणि तरीही कवायतीवर भर देण्याच्या ते विरुद्ध होते, कारण कवायतीत मूल आज्ञा ऐकायला शिकतं, स्वतः विचार करायला नाही. आपल्या पथकात शिस्त असते. ती संघाने ठरवलेली असते. कॅप्टनच्या प्रशिक्षणात हा फरक शिकवला नाही तर पथक कवायतीचा तास होऊन बसेल.

मागे उभं राहणं म्हणजे नजर काढून घेणं नव्हे, हेही तितक्याच जोरात सांगितलं पाहिजे. निर्णय मुलांचा, पण सुरक्षिततेची जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या सेमानगम इथे जागतिक जांबोरी भरली होती. चाळीस हजारांहून अधिक मुलंमाणसं समुद्र हटवून तयार केलेल्या सपाट, सावली नसलेल्या जमिनीवर. उष्णतेने शेकडो आजारी पडली, स्वच्छतागृहांची तक्रार झाली, ब्रिटन आणि अमेरिकेची पथकं लवकर निघून गेली आणि शेवटी वादळाच्या इशाऱ्यामुळे सगळं शिबिर हलवावं लागलं. मुलांनी धैर्य दाखवलं; कमी पडलं ते मोठ्यांचं नियोजन. आपल्या जिल्हा मेळाव्यालाही हीच कसोटी लागते: पाणी कुठून येणार, शौचालयं किती, जवळचा दवाखाना कोणता, पावसात कुठे हलवायचं.

याहून अवघड विषय लैंगिक सुरक्षिततेचा. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्स संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या काही प्रौढ नेत्यांनी मुलांवर दशकानुदशकं केलेल्या अत्याचारांबद्दल त्यानंतर ८२ हजारांहून अधिक जणांनी दावे दाखल केले. या संख्येमागे तितकीच बालपणं आहेत. मुलांच्या मोठ्यांवरील विश्वासाचा कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून पडदे आणि कुलपं पुरत नाहीत, नियम लागतात. एकटा प्रौढ आणि एकटं मूल बंद जागेत कधीच नाही. प्रत्येक उपक्रमाला किमान दोन प्रौढ. मोठ्यांचे तंबू वेगळे. मुलींच्या शिबिरात स्त्री नेतृत्व असल्याशिवाय रात्र काढायची नाही. फोटो घेताना आणि पाठवताना पालकांची संमती.

आणि आपल्या कायद्याने तर हे ऐच्छिक ठेवलेलंच नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची असते. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. संस्थेची बदनामी होईल, मुलीचं लग्न होणार नाही, सर चांगले आहेत, यातली एकही सबब चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक शिबिरात लहान मुलाच्या उंचीवर लावा आणि दिवसातून एकदा मोठ्याने सांगा. प्रशिक्षणात हा भाग दुपारच्या झोपेच्या वेळेला ढकलला जातो, तो सकाळच्या पहिल्या तासाला घ्यायला हवा.

आता अडचण नेमकी इथेच येते. दोन प्रौढांचा नियम पाळायचा तर दोन प्रौढ हवेत. शाळेतल्या एकट्या कॅप्टनने पंचवीस-तीस मुली, शिबिर, परवानग्या, हिशेब, ‘खरी कमाई’ उपक्रमात मुलींनी कमावलेले पैसे आणि सुरक्षितता एकटीने सांभाळायची असं आपण गृहीत धरलं आहे. हे चालत नाही, आणि ते तिच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे की कोर्स करून आलेल्या शिक्षिकेला वेळापत्रकात निश्चित तासिका द्या आणि तिच्यासोबत दुसरी सहायक नेमा. पालकांना आणि निवृत्त झालेल्या वाचकांना विनंती आहे की आपल्या शाळेत किंवा वस्तीतल्या पथकात सहायक म्हणून जा. शिक्षक असण्याची अट नाही. प्रथमोपचार येत असेल, झाडं ओळखता येत असतील, हिशेब नीट ठेवता येत असेल, तेवढ्यावर काम सुरू होतं. जिल्हा स्काऊट-गाईड कार्यालयात जाऊन पुढच्या बेसिक कोर्सची तारीख विचारा आणि नाव द्या. सात दिवस काढा. मुलांना नेतृत्व देता यावं यासाठी आधी मोठ्यांनी शिकायचं असतं, आणि त्यासाठी अजून पुष्कळ मोठ्या माणसांची गरज आहे.