मिटलेला सर्ग

गेल्या दिवाळींत आमची नात मुंबईहून वरोरास आली. ती छायाचित्रणाचें शिक्षण घेत आहे. संगणकावर कांहीं चित्रें लावून तिनें विचारिलें, “आजोबा, यांत शृंगार आहे कीं नाहीं?” ओटीवर सूनबाई होत्या, शेजारचे गृहस्थ होते. आम्ही चष्मा शोधण्याचें निमित्त करून उठलों.

घरीं येणाऱ्या विद्यार्थ्यांस ‘कुमारसंभव’ शिकवितांना सातव्या सर्गांत शिवपार्वतींचा विवाह झाला कीं आम्ही पुस्तक मिटीत असूं. देवतांचा संभोगशृंगार वर्णिणें हें मातापित्यांचा वर्णिण्याइतकेंच अनुचित, असें मम्मटाचार्यांचें मत आम्हांस सोयीचें होतें. मल्लिनाथानें आठव्या सर्गावरहि टीका लिहिली आहे, हें मात्र आम्हीं मुलांस कधीं सांगितलें नाहीं.

तीं चित्रें प्रबुद्ध दासगुप्त यांचीं होतीं. हे शिल्पकार प्रदोष दासगुप्त यांचे चिरंजीव. १९९५ सालीं मधु सप्रे व मिलिंद सोमण यांची जोड्यांची जाहिरात यांनींच टिपिली. अंगावर जोडे आणि अजगर यांवांचून कांहीं नाहीं. अश्लीलतेचा खटला होऊन २००९ सालीं मंडळी निर्दोष सुटली. आमच्या मतें त्या चित्रांत दोन सुंदर देह आहेत, ओढ नाहीं. विकावयाचे होते जोडे. रति कोठून येणार? नग्नतेविषयीं म्हणाल, तर र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्या’च्या मुखपृष्ठावर तसलीं चित्रें छापीत, आणि आमच्या तीर्थरूपांच्या पेटींत तळाशीं चार अंक निघाले होते!

परंतु नातीनें लाविलेलीं चित्रें ‘लाँगिंग’ या मालिकेंतील होतीं. काळींपांढरीं, कोठें निसर्ग, कोठें खोली, कोठें प्रिय व्यक्तीचा देह. झांकलेलें किती आणि उघडें किती, हा विचारच मनांत येईना. पाहणारा जवळ आहे आणि तरी त्यास हें हातचें जाईल अशी धास्ती आहे, एवढें कळे. आमच्या शास्त्रांत यास विप्रलंभ म्हणतात. दासगुप्त २०१२ सालीं अलिबागेस वारले.

नातीस आम्ही इतकेंच म्हणालों, “आहे.” तिनें लगेच विचारिलें, “आजीचा असा एखादा फोटो?”

भिंतीवर आमच्या विवाहाचें छायाचित्र आहे. दोन खुर्च्या, मध्यें वीतभर अंतर, दोघांची दृष्टि समोर. मंडळीस जाऊन आतां तीन वर्षें झालीं. दुसरें एक चित्र आहे, तें कोणासहि ठाऊक नव्हतें. आमच्या चिरंजीवांनीं लहानपणीं नवा कॅमेरा मिळाल्यावर सहज टिपिलें होतें: दुपारची वेळ, ओटीवर चटईवर ती निजलेली, हात कपाळावर, केस सुटलेले, आणि दाराशीं आम्ही, हातांत पुस्तक, दृष्टि तिच्यावर. पुस्तकाचा विसर पडलेला चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. त्या दिवशीं आम्ही मुलावर रागावलों, चित्र काढून घेतलें, आणि ‘कुमारसंभवा’च्या शेवटच्या पानांत ठेविलें. तिनें तें पाहण्यास मागितलें होतें. आम्ही नंतर देऊं म्हणालों, आणि तें राहूनच गेलें.

तें पुस्तक आम्हीं काढिलें. नात बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “आजोबा, हें आमच्या प्रदर्शनांत लावूं?”

सूनबाई उठून आंत गेल्या. चिरंजीव म्हणाले, “आईबाबांचें चित्र लोकांत लावायचें?” आम्हीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. चित्र मात्र तिच्यापाशीं आहे. परत मागितलेलें नाहीं.