मास्तर आणि मांजर

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वर्गात मागच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढणारा हा मुलगा आता पुण्यात कॅमेरा चालवतो. पोहे झाले, चहा झाला आणि मग त्याने हळूच विषय काढला, "सर, तुमच्या कादंबरीवर चित्रपट करायचा विचार आहे." मी मनातल्या मनात शाल आणि श्रीफळ स्वीकारीत होतो, तोच तो पुढे म्हणाला, "फक्त त्यातले मास्तर काढावे लागतील. ते बोलायला लागले की बाकीची माणसं गप्पच होतात."

ते मास्तर म्हणजे मी, हे आमच्या गावात कुणाला सांगावे लागत नाही. मी साफ नकार दिला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला. त्यामुळे तर माझा राग अधिकच चढला.

चित्रपट केला की पुस्तकाचा जीव जातो, याला मला भक्कम पुरावा हवा होता. म्हणून मी कपाटातून मिखाईल बुल्गाकोव्ह या रशियन लेखकाच्या 'मास्टर आणि मार्गारिता'चा इंग्रजी अनुवाद काढला. मुखपृष्ठ पाहून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "हे कुठल्या शाळेतले मास्तर?"

हा मास्टर शाळेतला नव्हे. तो शब्दांचा कसबी कारागीर आहे, आणि कादंबरीभर त्याला नाव म्हणून नाही. गोष्ट अशी : वोलांड नावाच्या परदेशी प्राध्यापकाचा वेष घेऊन सैतान मॉस्कोत उतरतो. बरोबर एक धिप्पाड काळे मांजर. ते दोन पायांवर चालते, बोलते आणि ट्रॅममध्ये चढताना तिकिटाचे पैसे पुढे करते! ही मंडळी शहरातल्या लाचखाऊंची, ढोंग्यांची आणि सरकारी कृपेवर पोसलेल्या लेखकांची अशी काही फटफजिती करतात की वाचताना हसू आवरत नाही. मधेच गोष्ट दोन हजार वर्षे मागे, जेरुसलेमला जाते. समोरचा माणूस निरपराध आहे हे कळत असूनही, भीतीपोटी त्याला मृत्युदंड देणारा पिलात तिथे भेटतो. ही पिलाताची कथा लिहिली मास्टरने, आणि छळाला कंटाळून चुलीत घातलीही त्यानेच. पण हा नायक अवतरतो तेराव्या प्रकरणात! मार्गारिता तर त्याच्याही नंतर, दुसऱ्या भागात. कुठला निर्माता एवढा धीर धरील?

तरी ज्यांनी धीर धरला, त्यांनी आपापल्या परीने वाट काढली. १९७२ साली आंद्रे वायदाने एकट्या पिलातालाच उचलले आणि त्याला त्या काळच्या पश्चिम जर्मनीत आणून सोडले. त्याच वर्षी अलेक्सांदर पेट्रोविचने मास्टरला नाटककार करून टाकले. २००५ साली मात्र व्लादिमीर बोर्त्को या दिग्दर्शकाने रशियन दूरदर्शनसाठी दहा भागांत ही कादंबरी जवळजवळ पानामागून पान अशी उभी केली. आम्ही दोघे दहा रात्री ती पाहत बसलो. ओलेग बासिलाश्विली यांचा थकलेला, राजस सैतान मला फार आवडला. पण मांजर आले आणि सौभाग्यवती उद्गारल्या, "अहो, हा तर बहुरूपी!"

खरेच, तो केसाळ सोंग घेतलेला माणूस होता. पुस्तकातले मांजर माझ्या मनात कधी माणसाएवढे होई, कधी मांडीवर मावेल एवढे. पडद्यावर त्याचे माप एकदाचे ठरून गेले. माझा पुरावा मला मिळाला. एवढी इमानदारी करूनही मांजर निसटलेच!

तेवढ्यावर थांबलो असतो तर माझा राग शाबूत राहिला असता. पण पुढे मी २०२४ सालचा मायकेल लॉकशिनचा चित्रपट पाहिला. याने प्रकरणांची पार उलथापालथ केली आहे. इथे लेखकाचे नाटक बंद पडते, त्याचे सहकारीच त्याच्यावर उलटतात, आणि त्या अपमानातून तो सैतानाची गोष्ट रचू लागतो. कितीतरी गमतीचे प्रसंग यात गळाले. मी चिडायला हवे होते. पण माझ्या हातातला चहा निवून गेला. कारण ही गोष्ट तर खुद्द बुल्गाकोव्हची होती. १९२९ साली त्याची नाटके रंगभूमीवरून उतरवली गेली. १९३० साली त्याने या कादंबरीचा पहिला खर्डा जाळला. पुढे तीच कादंबरी तो आठवून आठवून पुन्हा लिहीत राहिला. अखेरीस दृष्टी गेली तेव्हा पत्नी येलेनाला दुरुस्त्या सांगत राहिला. १० मार्च १९४० रोजी तो वारला. कादंबरी एका मासिकात १९६६-६७ साली छापली गेली, तीही कात्री लागून. लॉकशिनने पाने मोडली होती. पानांमागचे दुखणे मात्र मोडले नव्हते.

मग बुल्गाकोव्हविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि एके ठिकाणी अडखळलो. त्याची पहिली कादंबरी 'श्वेत रक्षक'. तिचा नायक अलेक्सेई हा डॉक्टर. बुल्गाकोव्ह स्वतःही डॉक्टरच. १९२६ साली तिचे नाटक झाले तेव्हा त्याने काय केले? त्या डॉक्टरला काढून टाकले! रंगभूमीवरचा अलेक्सेई कर्नल आहे, आणि तो मरतो. नाटकाला आपली गरज नाही हे दिसताच त्या लेखकाने स्वतःलाच पुसून टाकले होते.

त्या रात्री मी माझी कादंबरी उघडली. फी थकली म्हणून एका मुलीला परीक्षेला बसू देत नाहीत, हा तिच्यातला मुख्य प्रसंग. मुलीची आई दारात उभी आहे आणि मास्तर बोलताहेत. बाणेदार, टाळ्या घेणारी तीन पाने. आई एक अक्षर बोलत नाही.

पण प्रत्यक्षात घडले होते ते वेगळेच. त्या दिवशी बोलली होती ती आई. पदर खोचून, भांडून, रडून ती बोलली होती. मी खडू हातात धरून दारात उभा होतो. तिचे खरे आहे हे मला कळत होते, आणि मी गप्प होतो. पुढे कादंबरी लिहिताना मी तिचे शब्द घेतले आणि ते मास्तरांच्या तोंडी घातले. पिलाताची गोष्ट इतकी वर्षे वाचीत आलो, पण त्याला मी कधी आपल्या घरातला मानलाच नव्हता.

सकाळी मी विद्यार्थ्याला पत्र लिहिले : "चित्रपट कर. मास्तरांची सगळी वाक्ये त्या बाईला दे. ती मूळची तिचीच आहेत. मात्र मास्तरांना अगदीच काढू नकोस. त्यांना दारात उभे कर. हातात खडू असू दे. आणि काही झाले तरी त्यांना बोलू देऊ नकोस."