बाबांचे घोरणे

आमच्या होळीच्या घरात रात्री घड्याळ पाहावे लागत नसे. बाबा घोरू लागले की अकरा वाजले! आजी कौतुकाने म्हणे, "दमतो बिचारा, गाढ झोपलाय." आई मात्र जागी. मध्येच घोरणे थांबे, श्वासही थांबे. मग एकदम मोठा सुस्कारा. त्या मधल्या शांततेला ती भ्यायची.

दिवसा बाबा पेंगत. चर्चगेटहून लोकलमध्ये बसले की उतरायचे वसई रोडला आणि जाग यायची विरारला. आम्ही पोरे हसत असू. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मानसशास्त्राच्या टिपणासाठी वाचनालयात बसलो होतो, तेव्हा 2004 सालचा एक अभ्यास हाती लागला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया व सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या 250 पुरुषांचा झोपेतला श्वास त्यांच्या घरीच नोंदवला. त्यांच्या अंदाजाने 19.5 टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळतो, 7.5 टक्क्यांना सोबत दिवसाची पेंगही असते. घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो, प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, रात्रभर हेच. रक्तदाबही त्याने वाढतो. बाबांची रोजची गोळी मला आठवली.

तपासणी झाली. नाकातून दाबाने हवा देणारे यंत्र आले. "ही सोंड लावून झोपू?" बाबा भडकले. तिसऱ्या रात्री मात्र झोपले. घर निःशब्द. पहाटे पाहतो तो आई त्यांच्या छातीवर हात ठेवून बसलेली.

"आवाजच येईना रे," ती म्हणाली.