फुगलेली अक्षरं

विंडोज नव्यानं टाकल्यावर इस्लामपूरच्या घरातल्या डेस्कटॉपवर सगळं आडवं फुगलेलं दिसायला लागलं. अण्णांना सातबारा बघायचा होता. अनुस्वार पुसट, रफार कुठल्या अक्षरावरचा तेच कळेना. मॉनिटर १९२० बाय १०८०चा, सेटिंगमध्ये मात्र १०२४ बाय ७६८च्या पुढं पर्यायच नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला की विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला कमी रिझोल्यूशन चालून जायचं. एलसीडीत ठिपके ठरलेले, म्हणून कमी रिझोल्यूशनचं चित्र ताणून बसवावं लागतं. मदरबोर्डचा मॉडेल नंबर बघून ड्रायव्हर उतरवला. स्क्रीन क्षणभर काळी झाली, मग गट नंबर लख्ख! डोळेच गेले म्हणून अण्णा धास्तावले होते, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आता रिझोल्यूशन तसंच ठेवून स्केलिंग १२५ टक्के केलंय; त्यांना वाचता येतंय.